मुरघास म्हणायचं नाही

सगुणा मेली तेव्हा तिचं पोट नगाऱ्यासारखं ताणलेलं होतं. वैजयंता रडली नाही, संतापली. तिचं पहिल्यापासून तसंच होतं. सासरा गेला तेव्हाही ती आधी दवाखान्यातल्या लोकांशी कडाकडा भांडली होती आणि तेराव्याची पंगत उठल्यावर भांडी घासताना रडली होती. सगुणाला तिनं वासरापासून वाढवलेलं. काल संध्याकाळी बादली भरून दूध देणारी गाय सकाळी गव्हाणीपुढं आडवी पडलेली, चारी पाय ताठ. आता हिच्या जिवावर कोण उठलं, एवढंच वैजयंताला कळायला हवं होतं.

पण तळतळाट करायलाही सवड मिळाली नाही, कारण शेजारीच बांधलेली बिजली जीभ बाहेर काढून कण्हत होती आणि तिचीही डावी कूस वर आली होती. नवरा, भाऊसाहेब, दुधाचा टेम्पो तसाच टाकून सरकारी गुरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टर शेखांना घेऊन आला.

डॉक्टर नौशाद शेख मोजकं बोलणारे. त्यांनी बिजलीच्या कुशीवर टिचकी मारली, पिशवीतून जाड पोकळ सुई काढली आणि कुशीत खुपसली. फुस्स करून वारा सुटला. पोटफुगीत तो सुटतोच आणि थोड्या वेळानं ओसरतो. हा ओसरेना. डॉक्टर बराच वेळ नुसते बघत राहिले. मग त्यांनी भाऊसाहेबाकडून काडेपेटी मागून घेतली, सगळ्यांना मागं सरकवलं आणि सुईच्या तोंडाशी पेटती काडी धरली.

सुईच्या टोकावर निळी ज्योत उभी राहिली. वैजयंताच्या ओट्यावरच्या शेगडीत राहते तशीच, स्थिर आणि नीटस. डॉक्टरांनी ओलं फडकं टाकून ती विझवली.

"वैजूताई, गाईला खायला काय होतं?"

"ह्या उन्हाळ्यात काय आसणार? हिरवं औषधाला न्हाई. मुरघास घातला, पिशवीतला."

"कुठल्या पिशवीतला?"

तिनं कोपऱ्याकडं बोट दाखवलं. गॅसकंपनीच्या निळ्या पिशव्या एकावर एक रचलेल्या होत्या. प्रत्येकीवर एक ठिपका असायचा. पिशवीत हवा शिरून माल नासला की तो तांबडा व्हायचा. इथले सगळे ठिपके हिरवेगार होते.

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "ताई, हिच्या पोटात कंपनीचा प्लांट सुरू झालाय."

आता ह्या पिशव्यांचं प्रकरण सांगायला हवं. जुन्नरकडच्या ह्या कोळवाडा गावाच्या माथ्यावर दोन कारखाने होते. एक मक्याचे दाणे काढून डब्यात भरायचा, दुसरा टोमॅटोचा रस आटवायचा. हंगामात सालपटांचे आणि चोथ्याचे डोंगर, आणि हंगाम सरला की नुसता ठणठणाट. गॅसच्या प्लांटला मात्र बारा महिने खायला लागतं. माल ढिगानं टाकला तर कुजतो आणि त्याची गॅस देण्याची ताकद हवेत उडून जाते. म्हणून तो बारीक करून, दाबून, हवा काढून आंबवत ठेवायचा. दह्यातल्यासारखे जंतू त्यातली साखर खाऊन आम्ल तयार करतात, त्या आंबटपणात कुजवणाऱ्या जंतूंचं काही चालत नाही, आणि माल वर्षभर टिकतो. वैरण अशी मुरवली की तिला मुरघास म्हणतात. दूधवाल्या गावात हे शेंबडं पोरही सांगेल.

कंपनीनं त्यात घातलं ते नवं विरजण. प्रयोगशाळेत घडवलेलं, दोन जंतूंचं. एक नेहमीचा, आंबवणारा. दुसरा पेरायच्या बियाण्यासारखा झोपलेला. पिशवीतल्या आंबटपणात तो झोपूनच राहायचा. माल प्लांटच्या टाकीत पडला, ऊब मिळाली, आंबटपणा उतरला की तो जागा व्हायचा आणि चिवटातले चिवट धागे असे फोडून काढायचा की गॅस दुप्पट वेगानं निघायचा. हुशारीचं काम होतं, नाही कोण म्हणतो? फक्त तसलीच ऊबदार, बिनहवेची, चाऱ्यानं भरलेली टाकी गावातल्या प्रत्येक गोठ्यात चार पायांवर उभी आहे, हे त्या शहाण्यांच्या डोक्यात आलं नाही. गाय पोटात गॅस करतेच आणि ढेकर देऊन सोडून देते. हा जंतू जागा झाला की इतका गॅस व्हायचा, की ढेकर पुरा पडायचा नाही. गाईवर एकदा तरी तपासून बघितलं होतं का? नाही. का नाही? तर म्हणे, हे गाईसाठी नाहीच. वा रे अक्कल.

मग गावानं ते गाईला घातलं कशाला, असं कुणी विचारील. त्याचंही उत्तर आहे, आणि ते वैजयंताला सगळ्यात जास्त झोंबत होतं.

दोन वर्षांपूर्वी कंपनीची माणसं पहिल्यांदा आली, तेव्हा त्यांचे मोघे नावाचे व्यवस्थापक तासभर बोलले. आडनाव मोघे आणि बोलणंही मोघम. 'ऊर्जा-कच्च्या मालाची विकेंद्रित साठवणूक' करायची होती म्हणे. घरोघर पिशव्या भरून ठेवायच्या, लागतील तशा कंपनी नेणार, आणि बदल्यात प्रत्येक ओट्यावर नळीनं गॅस. सिलिंडर ही तोवर लग्नाच्या मांडवात भाड्यानं आणायची वस्तू झाली होती, तरी लोक तयार होईनात. कारखान्याची घाण दारात कोण ठेवील? तेव्हा वैजयंताचा धाकटा भाऊ प्रल्हाद मागून उठला आणि हसत म्हणाला, "अहो, मुरघास हाय तो, मुरघास. आपण करतो तोच." झालं. सगळ्यांचे चेहरे सैल पडले. मोघेंनी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि आठवड्याभरात त्याला कंपनीचा गाव समन्वयक केलं. पुढं एकदा वैजयंताच्या ओसरीवर चहा पिताना तो म्हणाला होता, "ताई, अडीनडीला गाईला घातलास तरी चालतंय. मी साहेबांना इचारलंय."

भावानं सांगितलं म्हणून तिनं घातलं. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर दहादा विचारून घातलं असतं.

जाताना डॉक्टर शेख म्हणाले, "बिजली वाचेल. पण एक घमेलं जरी पोटात गेलं तरी हा जंतू तिथं ठाण मांडतो आणि मग निघत नाही. शेणातून शेजारच्या जनावरालाही जाऊ शकतो. तालुकाभर ह्या पिशव्या आहेत आणि उन्हाळा आत्ता कुठं लागतोय. मी नमुने पाठवतो, पण तपासणीला वेळ जाणार."

"तोवर लोकांनी घालतच ऱ्हायचं?"

"सोमवारी ग्रामसभेला पशुसंवर्धनाच्या लोंढे मॅडम येणार आहेत. माल वैरण म्हणून दिला होता असं दिसलं, तर त्या जागच्या जागी पिशव्या बंद करू शकतात. गॅससाठी दिला आणि लोकांनी आपल्या मनानं घातला असं ठरलं, तर त्यांचा हात पोचत नाही."

म्हणजे तालुक्यातल्या गुरांचा जीव एका शब्दावर टांगलेला होता, आणि तो शब्द तिच्या भावाच्या तोंडचा होता.

प्रल्हाद दुपारी आला. चपला न काढता उंबऱ्याबाहेरच उभा राहिला, तेव्हाच तिनं ओळखलं की हा भाऊ म्हणून आलेला नाही.

"वाईट झालं, ताई."

"बस."

"बसत न्हाई. मोघेसाहेब म्हणत होते, पिशवीचं तोंड उघडं ऱ्हायलं आसंल. बुरशी धरली आसंल..."

"ठिपका हिरवा होता, पल्या."

"ठिपका चुकतो कधी कधी."

"आन् तू? ह्याच ओसरीवर बसून काय म्हणाला होतास?"

प्रल्हाद चपलेच्या अंगठ्याकडं बघत राहिला. "मी तसं कायबी म्हणालेलो न्हाई. मुरघास हा शब्दच आम्हाला म्हणायचा न्हाई. कच्चा माल म्हणायचं."

"आम्हाला म्हंजी कुणाला रे? कंपनीच्या पोटी कधी जन्मलास?"

"माझी नोकरी जाईल, ताई. तू एवढंच म्हण, की तू तुझ्या मनानं घातलास. तुला काय फरक पडतोय? गाय तर गेलीच."

गाय तर गेलीच! वैजयंताच्या अंगाचा तिळपापड झाला. "माझी गेली. आन् वरच्या वाड्यांतल्या अजून उभ्या हायेत, त्यांचं काय? त्या मेल्या की त्या बायांनीबी आपल्या मनानं घातलं म्हणायचं? चालता हो. आन् पुन्यांदा चपला घालून माझ्या दारात उभा ऱ्हाऊ नको."

तो गेला. पण गावही काही तिच्या बाजूचं नव्हतं. नळावर सिंधूकाकूनं तिला गाठलंच. ही तिची सख्खी शेजारीण, बाळंतपणात तिचं सगळं केलेली. "वैजे, गाईचं वाईट वाटतं गं. पण तुझ्या एका गाईपायी साऱ्या गावाच्या शेगड्या इझवणार का? माझ्या दम्याला तो चुलीचा धूर आता सोसायचा न्हाई."

खरं म्हणजे काकूचंही खोटं नव्हतं. म्हणूनच वैजयंताला जास्त राग आला.

"काकू, तुमची म्हैस काय खाती सध्या?"

"काय म्हंजी? तेच की. पिशवीतलं."

"आजपासून बंद करा. न्हाई तर पोटभर दूध काढून घ्या आत्ताच. उद्या म्हैस दिसंल न दिसंल."

काकू घागर अर्धी भरलेली तशीच उचलून निघाली.

रविवारी वैजयंता भावाच्या घरी गेली. समजूत काढायला म्हणावं तर तो तिचा स्वभाव नव्हे; बोलायचं राहिलेलं बोलून घ्यायला गेली. घराला कडी होती. गोठ्यात कपिला एकटीच होती. कपिला ही सगुणाची लेक. प्रल्हादच्या लग्नात वैजयंतानंच त्याला दिलेली. ती ओळखीनं हंबरली, म्हणून वैजयंता तिच्या मानेखाली खाजवत उभी राहिली, आणि मग तिची नजर गव्हाणीत गेली.

गव्हाणीत कडबा होता. कोरडा, ज्वारीचा, ह्या दिवसांत देवालाही मिळणार नाही असला. पिशव्या कुठं दिसेनात. त्या जिथं रचलेल्या असायच्या तिथं जमिनीवर नुसते चौकोनी डाग होते. ती घराला वळसा घालून मागं गेली. पार टोकाला, तारेच्या कुंपणापलीकडं, गाईची मान पोचणार नाही अशा जागी पिशव्यांची रास होती. तिनं वरच्या पिशवीवरून बोट फिरवलं. जाड धूळ. चिमण्यांची शीट वाळून पांढरी झालेली. वेलाचं एक टोक दोन पिशव्यांच्या मधून वर चढलेलं.

ह्या पिशव्या काल-परवा हलवलेल्या नव्हत्या. सगुणा जिवंत होती, पिशवीतलं मिटक्या मारत खात होती, तेव्हाच त्यानं आपली गाय वाचवली होती. आणि बहिणीच्या गोठ्यावरून रोज मोटारसायकलनं जाताना हात वर करत होता.

वैजयंता तिथंच खाली बसली. तिला वाटलं होतं आपला भाऊ भित्रा आहे. भित्र्या माणसाला चार शिव्या देऊन माफ करता येतं. हे वेगळंच निघालं, आणि ह्याच्यासाठी तिच्याजवळ शिवीसुद्धा नव्हती.

सोमवारी शाळेच्या पटांगणात सभा भरली. लोंढे मॅडम ऐकून घेणारी बाई होती, पण तिलाही कायद्याच्या आतच पाऊल टाकायचं होतं. डॉक्टर शेखांनी जे पाहिलं ते सांगितलं. मोघे उठले आणि दुःख व्यक्त करून म्हणाले, "मुळात हा पशुखाद्याचा विषयच नाही. आमच्या एकाही माणसानं हा माल वैरण म्हणून दिलेला नाही. हाताळणीत हलगर्जी झाली, बुरशी आली, त्याला कंपनी काय करणार? समन्वयक इथंच आहेत, त्यांना विचारा."

प्रल्हाद उठला. "मी कुणाला घाला म्हणालेलो न्हाई," तो म्हणाला आणि बसला. गावातल्या शंभर कानांनी त्याचं ते मुरघास ऐकलेलं होतं. पण शंभर घरांत शेगड्याही होत्या. कुणी हूं की चूं केलं नाही.

वैजयंता उठून फाटकाबाहेर गेली. लोकांना वाटलं, हरली, निघाली घरी. ती परत आली तेव्हा तिच्या हातात, सभा चालू असताना भाऊसाहेबानं प्रल्हादच्या गोठ्यातून सोडून आणलेल्या कपिलेचं दावं होतं, आणि मागून भाऊसाहेब खांद्यावर निळी पिशवी आणि हातात रिकामं घमेलं घेऊन येत होता.

"मॅडम, ही माझ्या भावाची गाय. आन् ही पिशवी त्याच्याच परसातली. ठिपका बघा, हिरवा हाय का?"

लोंढे मॅडमनी वाकून पाहिलं. "हिरवा आहे."

"साहेब म्हणतात माल चांगला, बुरशी माझ्या घरची. मंग ही तर समन्वयकाच्या घरची पिशवी. ह्यानं आपल्या हातानं एक घमेलं गाईला घालावं. घातलं, तर मी भर सभेत माफी मागंन आन् तोंड मिटून घरी जाईन."

डॉक्टर शेख अर्धवट उठले. "ताई..." एक घमेलं पुरतं हे त्यांना माहीत होतं. तिलाही माहीत होतं. कपिला तिच्या सगुणेची लेक होती, आणि ह्यानं खरंच घातलं तर आपण मध्ये पडू की नाही, हे तिचं तिलाच कळत नव्हतं. ह्या माणसांनी आपल्याला मुक्या जनावराचा जुगार खेळायला लावला, ह्याचाच तिला सगळ्यात जास्त संताप आला होता.

मोघे हसले. त्यांना वाटलं, बाई आयतीच तावडीत सापडली. "घाला हो प्रल्हाद, होऊन जाऊ दे एकदाचं. मुरघासच तर आहे."



"काय म्हणालात?" लोंढे मॅडमनी विचारलं.

"म्हणजे... कच्चा माल. बोलण्याच्या ओघात येतं हो. शब्दाला काय धरून बसता?" मागं कुणीतरी फिस्सकन हसलं, तसे मोघे लाल झाले. "प्रल्हाद, घाला म्हणतो ना!"

प्रल्हादनं पिशवीचं तोंड सोडलं. आंबट-गोड वास सगळीकडं पसरला. चांगला वास होता, तोंडाला पाणी सुटावं असा. त्यानं घमेलं भरलं आणि कपिलेपुढं नेलं. कित्येक दिवस कोरड्या कडब्यावर काढलेली गाय दाव्याला हिसका देऊन पुढं आली. तिनं मान खाली घातली, नाकपुड्या फुलवल्या, आणि तिची जीभ बाहेर आली.

प्रल्हादनं घमेल्याला लाथ मारली.

सालपटं मातीत उधळली. गाय तिकडं वळली, तसा त्यानं तिचा गळा धरला आणि तळहातानं तिचं तोंड दाबून धरलं. "नगं, कपे, नगं." मग त्याला सभा आठवली असावी. गाईला तसंच धरून तो बोलला. "मी सांगितलं. साऱ्या गावाला मीच सांगितलं, मुरघास हाय, घाला म्हणून. मला साहेबांनी सांगितलं होतं. पलीकडच्या वाडीत दोन म्हशी फुगून मेल्या, तवा गप बसायलाबी साहेबांनीच सांगितलं."

मोघे काहीतरी बोलत होते, पण लोंढे मॅडम आता त्यांच्याकडं बघत नव्हत्या. "पिशव्या आजपासून बंद," त्यांनी डॉक्टरांना सांगितलं. "आधी वरच्या वाड्यांना कळवा."

वैजयंता भावापाशी गेली. लोकांना वाटलं, आता गळ्यात पडते. तिनं त्याच्या हातातलं दावं ओढून घेतलं.

"म्हशी मेल्या तवा तुला कळलं होतं. पिशव्या हलवायला तुझे हात चालले. माझ्या दारावरनं जाताना एक शब्द बोलायला जीभ झडली होती का रे?"

 ती कपिलेला घेऊन आपल्या घरी गेली.

तालुक्यातल्या पिशव्या ट्रकांनी भरून गेल्या. वरच्या वाड्यांत आणखी तीन जनावरं दगावली, बाकीची राहिली. प्लांट उपाशी पडला आणि गावातल्या शेगड्या एकेक करून विझल्या. सिंधूकाकूनं वैजयंताशी बोलणं टाकलं. तिची म्हैस मात्र कुशीत नळी घेऊन का होईना, जगली. बिजलीच्याही कुशीत डॉक्टरांनी कायमची नळी बसवली. तिच्याजवळून गेलं की बारीक फुसफूस ऐकू यायची, आणि ती ऐकली की वैजयंताचं डोकं नव्यानं तापायचं. कपिलेला तिनं वेगळं, परसात बांधलं. कंपनीनं प्रल्हादला घरी बसवलं होतं. बसवणारच.

तो एका सकाळी आला. ह्या वेळी चपला दाराबाहेर काढल्या आणि आत येऊन भिंतीशी उभा राहिला. वैजयंता अंगणातल्या तीन दगडांपुढं बसली होती. लाकडं ओली होती, धूर उलटा तोंडावर येत होता, आणि चहाचं पाणी थंडगार होतं. तिनं वर पाहिलं नाही.

"ताई."

 तिनं शेजारची लोखंडी फुंकणी पायानं त्याच्याकडं सरकवली.

तो उकिडवा बसला आणि फुंकायला लागला. दोन वर्षं गॅसवर गेलेली, त्याला दम पुरेना. धूर नाकातोंडात गेला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि थांबेना. धुराचं होतं की कशाचं, तिनं विचारलं नाही.

"ताई, मी..."

"फुंक," ती म्हणाली. "आजून पेटली न्हाई."